पापे पदरी घेण्याची रीत

योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन मराठी पवित्र शास्त्रात ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ अशा शब्दांनी सुरू होते. मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘तेच बोलणे’ असा आहे, म्हणजे देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही पापच म्हणायचे. मराठी भाषांतरात त्यासाठी पदर आला आणि मला तो मुळाइतकाच बोलका वाटतो, कारण ज्या पदरात दोष घ्यायचा तोच पदर क्षमा मागताना पसरायचा असतो. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात घरगुती बायबल अभ्यास घेताना माझ्या लक्षात आले आहे की, हे वचन बहुतेकांना पाठ असते, परंतु पदरी घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारले की खोलीत शांतता पसरते. इस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूजवळ पापे कबूल करण्याची, तयारी करणारी कॅथोलिक कुटुंबे, प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करणारी प्रोटेस्टंट मंडळी आणि हा विषय दुसऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते ते, या सर्वांना उपयोगी पडावी अशी ती रीत येथे मांडली आहे.

आधी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द नीट लावून घ्यावा

सुरुवात शब्दापासून करावी, कारण आपल्याकडे गोंधळ तेथेच होतो. मराठवाड्यात ‘प्रायश्चित्त’ म्हटले की पैठण आठवते. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले, त्यांनी व रुक्मिणीबाईंनी प्राण दिले, आणि त्यानंतरही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, ही परंपरेने चालत आलेली कथा ख्रिस्ती घरांतील मुलांनाही ठाऊक असते. या अर्थाने प्रायश्चित्त म्हणजे दोषी माणसाने स्वतः भोगायचे किंवा करायचे कृत्य आहे. ते सांगणारी सभा वेगळी असते आणि त्याची किंमत मोजणारा वेगळा असतो. हा अर्थ मनात ठेवून रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडला तर पंचविसावे वचन कोडेच वाटते, कारण तेथे प्रायश्चित्त पापी माणूस करीत नाही. देवच ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवतो, आणि माणसाकडे राहते ते केवळ विश्वासाने त्याचा स्वीकार करणे.

त्या वचनात पौलाने वापरलेला ग्रीक शब्द इब्री लोकांच्या पवित्र शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशावरील, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीवरील, झाकणासाठी आला आहे; मराठी शास्त्रात या झाकणाला ‘दयासन’ म्हटले आहे. म्हणून शिकवणाऱ्याने लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय आधी सावकाश वाचून दाखवावा. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी मुख्य याजक दोन बकरे घेतो आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकतो. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त दयासनावर शिंपडतो, तर दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांचे सारे अपराध मोठ्याने उच्चारतो आणि त्याला अरण्यात सोडून देण्यास लावतो. आपल्या मंडळीत हा भाग वाचला की कोणीतरी हमखास विचारते, ‘म्हणजे उताराच की!’ या प्रश्नाला हसू नये. चौकात ठेवलेला लिंबू-नारळाचा उतारा पीडा दुसरीकडे ढकलतो, परंतु त्यात अपराध कोणाचा आणि कोणता, याचा उच्चार नसतो. लेवीयांच्या त्या दिवशी मात्र नावनिशीवार कबुली आधी येते आणि मगच बकरा चालू लागतो. कंदुरीशी होणारी तुलनाही अशीच हाताळावी. कंदुरीचा बकरा माणूस नवस फेडण्यासाठी देवाला किंवा पिराला देतो. लेवीय १७:११ मध्ये दिशा नेमकी उलटी आहे: रक्त तुमच्या जिवांच्या प्रायश्चित्तासाठी मीच तुम्हांला वेदीवर दिले आहे, असे तेथे देव म्हणतो. देणारा तोच आहे, ही गोष्ट हाती लागली की पुढचे सारे सोपे होते. ती निसटली, तर माणूस उपवास, दान आणि मेणबत्त्या यांची मोजदाद करीत बसतो आणि शेवटी स्वतःपुरते एक पैठण उभारतो.

वधस्तंभाने क्षमा कशी मिळते, याची एकच व्याख्या शोधू नये

येथे अनेक अभ्यासवर्ग अडतात. ख्रिस्ताच्या मरणामुळे पापांची क्षमा होते, हे सर्व ख्रिस्ती परंपरा मानतात, परंतु ती नेमकी कशी होते, याचे एकच स्पष्टीकरण कोणत्याही विश्वमान्य धर्मसभेने ठरवून दिलेले नाही. निकेआचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, ‘आमच्यासाठी’ वधस्तंभावर खिळला गेला एवढेच सांगतो, आणि प्रेषितांचा मतांगीकार ‘पापांची क्षमा’ एवढे शब्द उच्चारून पुढे जातो. त्यामुळे वेगवेगळ्या शतकांत निरनिराळ्या प्रतिमा पुढे आल्या, आणि प्रत्येक प्रतिमा आपल्या गावातील एखाद्या अनुभवाशेजारी ठेवली की तिचे बळही दिसते आणि ती कोठे लंगडी पडते तेही दिसते.

खंडणीची प्रतिमा समजावून सांगण्यासाठी बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांपेक्षा चांगले उदाहरण मला मिळालेले नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडी हंगामभर फडात राबते, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. अशा वेळी कोणी येऊन ती रक्कम चुकती केली, तर ती जोडी मोकळी होते. पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्यास आलो आहे, हे मार्क १०:४५ मधील येशूचे बोल ऐकताना हे चित्र मनाला भिडते. मात्र लगेच प्रश्न येतो की येथे मुकादम कोण आहे? चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीने सैतान असे उत्तर दिले आणि गळाला लागलेल्या माशाप्रमाणे तो फसला, असेही लिहिले. त्याचाच समकालीन, नाझियांझसचा ग्रेगरी, याने मात्र लुटारूला खंडणी मिळावी ही कल्पनाच संतापजनक ठरवली, आणि पित्याने ती मागितली हेही मान्य केले नाही. तात्पर्य, ही प्रतिमा सुटकेविषयी बोलते. पैसे कोणाच्या हाती पडले, याचा हिशेब तिला विचारू नये.

अँसेल्म या कँटरबरीच्या आर्चबिशपाने १०९८ च्या सुमारास ऋणाचाच विचार वेगळ्या बाजूने मांडला. माणसाजवळ जे जे आहे ते सर्व आधीच देवाचे देणे आहे. मग मोडलेल्या मानाची भरपाई तो शिलकीतून करणार कशी? भरपाई करायला हवी माणसाने, आणि करू शकतो केवळ देव, म्हणून देव मनुष्य झाला. हा तर्क मला आजही घट्ट वाटतो, जरी त्यातील ‘मान’ सरंजामी काळातला आहे. काही दशकांनी पीटर अबेलार्ड याने भर दिला तो प्रेमावर: वधस्तंभ पाहून माणसाच्या मनात जे प्रेम पेटते तेच त्याला मोकळे करते. अबेलार्डचे म्हणणे एकटे उभे केले तर वधस्तंभ केवळ एक हृदयद्रावक प्रसंग होऊन बसतो, हा त्याच्यावरील आक्षेप खरा असला, तरी ज्याचे मन कोरडे पडले आहे त्याला मी आधी हाच विचार सांगतो.

सोळाव्या शतकातील सुधारकांनी, विशेषतः कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्व्हिनने, न्यायालयाची प्रतिमा पुढे आणली: शिक्षा आपली होती, ती ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली. यशया ५३ मधील ‘आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला’ या वर्णनात तिचे मूळ आहे आणि मराठवाड्यातील बहुतेक प्रोटेस्टंट प्रवचने याच प्रतिमेवर उभी असतात. तिच्यात धोका एकच आहे, परंतु तो मोठा आहे. न्यायाधीशाने गुन्हेगाराऐवजी आपल्या निरपराध मुलाला शिक्षा दिली, अशी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात संतापलेला बाप आणि दयाळू मुलगा असे दोन वेगळे देव उभे राहतात. अशी गोष्ट सांगूच नये. त्याऐवजी दुसरे करिंथकर ५:१९ वाचावे, जेथे देव ख्रिस्तामध्ये असून जगाचा आपल्याशी समेट करीत होता, असे म्हटले आहे. ‘समेट’ हा पंचांच्या पारावरचा शब्द आहे, एवढा फरक की येथे ज्याचा अपराध झाला तोच समेटासाठी चालत आला आहे.

सातबारा आणि प्रभूची प्रार्थना

प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असे म्हणतो. शेतकरी वस्तीत यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही. कर्जमाफी जाहीर होणे आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यातील बँकेचा बोजा प्रत्यक्ष उतरणे, यांत किती अंतर असते, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. कलस्सैकरांस पत्र २:१४ मध्ये पौल नेमके बोजा उतरण्याविषयी लिहितो: आपल्याविरुद्ध असलेला लेख खोडून टाकण्यात आला आणि वधस्तंभाला खिळण्यात आला. म्हणजे क्षमेची केवळ घोषणा झालेली नाही, तर फेरफार मंजूर झाला आहे.

मत्तय १८ मधील दाखल्याचा हिशेबही एकदा पाटीवर करून दाखवावा. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. त्या चाकराला सोडलेले १०,००० तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी झाली. आणि ज्या सोबत्याचा त्याने गळा धरला त्याच्याकडे होते १०० दिनार, म्हणजे १०० दिवसांचे काम, एवढेच. १०० दिवसांची मजुरी काही थोडी नव्हे, हे रोजगार हमीवर गेलेल्या कोणालाही कळते. येशूने शेजाऱ्याचा अपराध क्षुल्लक ठरवलेला नाही. तो केवळ ६ कोटींच्या शेजारी ठेवला आहे.

प्रत्यक्ष तयारी

यासाठी एकांताचा एक तास काढावा. घर लहान असेल तर शेतात जावे. स्तोत्र ५१ मोठ्याने वाचावे आणि मग मिस्सेच्या, म्हणजे कॅथोलिक उपासनेच्या, आरंभी म्हटल्या जाणाऱ्या पापांगीकाराची चौकट घ्यावी, कारण आत्मपरीक्षणासाठी तिच्याइतकी नेटकी चौकट दुसरी नाही: विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्यात कसूर करून. शेवटचा भाग प्रोटेस्टंट मंडळीही अनेकदा विसरते. आईचे औषध आणायचे राहिले, मजुराचा हिशेब आठवडाभर टाळला, ग्रामसभेत खोटे ठराव होत असताना गप्प बसलो, ही पापे केलेल्या यादीत सापडत नाहीत, कारण ती न केलेल्या यादीत असतात.

पाप मनात किंवा कागदावर मांडताना क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ‘चूक झाली’ या मराठी वाक्यात चूक करणारा अदृश्य असतो. पाऊस झाला तशी चूकही झाली. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर माफ करा’ या वाक्यात दोष ऐकणाऱ्याच्या मनाकडे सरकतो. पदरी घ्यायचे असेल तर वाक्याचा कर्ता ‘मी’ असला पाहिजे आणि कृत्याचे नाव स्पष्ट असले पाहिजे: मी खोटे वजन केले, मी सुनेच्या माहेराविषयी खोटे बोललो. कारणे जोडू नयेत. दुसऱ्याचा वाटा तर मुळीच सांगू नये. प्रार्थना सभेतील साक्षीत माझे पाप सांगता सांगता शेजारणीचेच अधिक सांगितले जाते, असे प्रसंग मी इतके पाहिले आहेत की, सभेत केवळ सर्वांनी मिळून म्हणायचा सामान्य पापांगीकार ठेवावा, या मताला मी आलो आहे.

कोणाजवळ बोलावे, याविषयी परंपरांत फरक आहे. कॅथोलिक श्रद्धावंताने गंभीर पापे वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ निवेदन करावीत, असा नियम आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेपासून तो चालत आला आहे. जाताना प्रसंगांच्या कथा सांगण्याची गरज नसते. कोणते पाप आणि ते किती वेळा घडले, एवढे सांगावे. ‘फादर कोणाला सांगतील’ ही भीती मनातून काढून टाकावी: पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत उघड करू शकत नाही आणि ही गुप्तता त्याने थेट मोडल्यास तो बहिष्कृत होतो. फादर जी प्रार्थना किंवा तपश्चर्या देतात ती क्षमेची किंमत आहे असे समजू नये. त्रेंतच्या धर्मसभेने १५५१ मध्ये या विषयावर शिकवण दिली, तेव्हा मनुष्याने केलेल्या भरपाईलाही बळ ख्रिस्तापासूनच मिळते, असे सांगितले आहे. नेमकी हीच गोष्ट दंडमाफीच्या, म्हणजे पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांच्या, बाजारात हरवली होती, म्हणून १५१७ मध्ये ल्यूथरने आपल्या ९५ प्रबंधांच्या पहिल्याच वाक्यात, विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे, हा येशूचा आशय असल्याचे लिहिले. त्याने खासगी पापांगीकार मात्र मोडीत काढला नाही. उत्तर भारतीय मंडळीसारख्या प्रोटेस्टंट परंपरेत कबुली थेट देवाजवळ दिली जाते आणि उपासनेत सर्वांच्या पापांगीकारानंतर पाळक क्षमेची वचने उच्चारतात. परंतु एखादी गोष्ट झोप लागू देत नसेल, तर पाळकसाहेबांना एकांतात भेटण्यास काहीच आडकाठी नाही. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितलेलेच आहे.

बांध

ज्या पापात दुसऱ्याचे नुकसान झाले आहे, तेथे देवाजवळची कबुली अर्धीच वाट आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या व चुलतभावाच्या शेतामधला बांध, ज्याला परभणीकडे धुरा म्हणतात, तो मी दरवर्षी नांगरटीत एखाद्या तासाने कोरत गेलो होतो. एका उपवासकाळात अनुवाद या पुस्तकाच्या १९:१४ मधील, शेजाऱ्याची हद्द सरकवू नये, ही आज्ञा वाचनात आली. त्या रात्री मी गुडघे टेकून रडलो आणि हलका होऊन उठलो. सकाळी चहा देताना पत्नी म्हणाली, ‘देवाला तर आधीच ठाऊक होतं. भाऊजींना सांगितलं का?’

सांगायला मला आणखी पाच आठवडे लागले.

या बाबतीत शास्त्राचा क्रम स्पष्ट आहे. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायचे असते. नियमशास्त्र मूळ वस्तूसह पाचवा हिस्सा जास्त देण्यास सांगते, आणि शुभवर्तमानातील जकातदार जक्कय तर चौपट देण्यास उभा राहतो. व्यवहारात मी पुढील क्रम सुचवतो. आधी एकट्याने जाऊन तोंडी कबुली द्यावी. सोबत पाळक, फादर किंवा सरपंच नेऊ नये, कारण त्यांच्यासमोर समोरच्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. नंतर नुकसान मोजून घ्यावे. जमीन असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मोजणीचा खर्च आपण सोसावा, कारण अंदाजाने परत केलेल्या जमिनीवरून पुढच्या पिढीत पुन्हा भांडण उभे राहते. आमची सुमारे दोन गुंठे निघाली. जेवढी वर्षे ती जमीन वापरली तेवढ्या पिकाचा मोबदला वेगळा द्यावा. पाचव्या हिश्श्याचा नियम तेथे उपयोगी पडतो. क्षमा मात्र मागावी, तिची वसुली करू नये. ‘मी एवढे परत केले, आता तरी बोल’ हे वाक्य तोंडातून निघाले की सारी भरपाई सौदा होऊन बसते. चुलतभावाने हद्दीचे दगड रोवून घेतले, त्यांच्यापर्यंत तूर पेरली आणि दोन वर्षे माझ्याशी बोलला नाही. तो त्याचा हक्क होता.

याच्या उलट बाजूविषयीही लिहिणे भाग आहे, कारण क्षमेची शिकवण दुबळ्याच्या गळ्यात अडकवण्याचे प्रकार आपल्या मंडळ्यांत घडतात. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘सातच्या सत्तर वेळा’ क्षमा करण्याचे येशूचे वचन ऐकवून घरी परत पाठवणे ही शास्त्राची थट्टा आहे. क्षमा करणे म्हणजे सूडाचा हक्क सोडणे. तक्रार न करणे, वेगळे न राहणे किंवा पुन्हा त्याच माणसाच्या हाती सापडणे, असा तिचा अर्थ नाही. मुलांवरील अत्याचाराची बाब तर मंडळीत मिटवायचीच नसते, ती पोलिसांकडे न्यायची असते. समेटाला दोन माणसे लागतात आणि त्यांतील अपराध्याने पाप पदरी घेतलेले असावे लागते.

एक प्रश्न वारंवार विचारला जातो: ज्याचे देणे लागतो तो मरण पावला असेल तर काय करावे? गणना या पुस्तकाच्या ५:८ मध्ये याचे उत्तर आहे. भरपाई त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावी, आणि घेण्यास कोणीच नसेल तर ती परमेश्वराची होऊन याजकाकडे जाते. म्हणून आधी वारस शोधावा. तो पुण्याला किंवा मुंबईला गेला असेल तर पत्ता मिळवून पैसे पाठवावेत आणि ते कशाचे आहेत, हेही लिहून कळवावे. वारस खरोखरच नसेल तर रक्कम मंडळीच्या पेटीत टाकावी, परंतु पावतीवर आपले नाव लिहू नये. ज्याचे देणे होते त्याचे लिहावे.